पाहुण्याचा डाव, सरकारचा हिस्सा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात माहेरवाशिणी झोक्यावर गाणी म्हणतात आणि पुरुष पारावर, मळ्यातल्या झाडाखाली, गोठ्याच्या आडोशाला पत्ते पिसतात. डाव पैशाचा असतो हे गावाला ठाऊक असते, पोलिसांनाही ठाऊक असते. मग कुठेतरी धाड पडते, रोकड आणि पत्त्यांचा कॅट जप्त होतो आणि दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ (अ) खाली गुन्हा दाखल झाल्याची चार ओळींची बातमी येते. आता समजा, अशा एखाद्या डावात महिनाभरासाठी गावी आलेला, अमेरिकेचा नागरिक झालेला अमळनेरचा किंवा शिरपूरचा मुलगा बसला आणि पाच हजार रुपये जिंकून उठला. फौजदारी कायद्याचे काय व्हायचे ते होवो. आयकराच्या हिशेबाने त्याच्याकडे सरकारचे १,५६० रुपये निघतात. तीस टक्के कर आणि त्या करावर चार टक्के उपकर. हा कर पहिल्या रुपयापासून लागतो, त्याला करमुक्त मर्यादा नाही. डावच बेकायदा होता ही सबबही चालत नाही, कारण कोणत्याही स्वरूपाचा जुगार आणि कोणत्याही स्वरूपाची पैज या कराच्या कक्षेत येते. आखाजीच्या डावावरचा हा कर आजवर कोणी भरला असेल असे वाटत नाही, आणि कोणी मागितला असेल असेही नाही.

परदेशी पाहुण्याच्या जुगारातल्या कमाईवर कर कसा लावावा, हा प्रश्न जळगाव-धुळ्याला दूरचा वाटण्याचे कारण उघड आहे. इथे कॅसिनो नाही, घोड्यांच्या शर्यतीचे मैदान नाही. पण अजिंठ्याला जाणारे परदेशी प्रवासी जळगाव स्टेशनावर उतरतात, राज्य लॉटरीची तिकिटे उघडपणे विकली जातात आणि तिकीट विकणारा कोणाचे पारपत्र तपासत नाही. दुसरीकडे खानदेशातली मुले शिकायला, नोकरीला अमेरिकेत आणि आखातात गेली आहेत. तिथे 'परदेशी पाहुणा' तीच असतात, आणि लास व्हेगासच्या यंत्रापुढे किंवा अबू धाबीच्या सोडतीत त्यांचेही नशीब उघडू शकते. दोन्ही बाजूंनी हा प्रश्न तपासला तर एक गोष्ट स्पष्ट होते. भारताच्या करात खोट आहे ती दरात नाही. तीस टक्के हा जगात कुठेही भुवया उंचावणारा दर नव्हे. खोट मोजमापात आहे आणि अर्धवट सोडलेल्या कामात आहे. आपण जिंकलेली रक्कम मोजतो, हरलेली मोजत नाही. कर जागेवरच कापतो, पण हिशेब जागेवर मिटवत नाही. आणि कर घेतल्यानंतर उरलेले पैसे पाहुण्याला आपल्या देशी नेण्याची वाट नीट ठेवत नाही. या तिन्ही गोष्टींवरचे उपाय आपल्याच कायद्यात दुसऱ्यांसाठी लिहिलेले सापडतात, ही त्यातली खरी गंमत.

हा कर आला कसा ते आधी पाहू. १९७२ पर्यंत लॉटरी, शर्यत, शब्दकोडी यांतली कमाई आयकराच्या बाहेर होती. ती 'आकस्मिक आणि पुन्हा न होणारी' प्राप्ती समजली जाई, आणि तर्क म्हणून त्यात काही वावगे नव्हते. वावगे होते ते त्या तर्काच्या वापरात. काळा पैसा बाळगणारा माणूस जिंकलेले तिकीट मूळ मालकाकडून जादा रक्कम मोजून विकत घेई आणि आपल्या वहीत करमुक्त बक्षीस दाखवी. सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा सुमती दयाल खटल्यातला निकाल हा या युगाचा उत्तम दस्तऐवज आहे. शर्यतीचे फारसे ज्ञान नसलेल्या करदात्याने निरनिराळ्या शहरांत एकामागून एक जॅकपॉट जिंकल्याचे दाखवून तीन लाखांहून अधिक रक्कम वहीत जमा केली होती. न्यायालयाने मानवी व्यवहारातल्या शक्याशक्यतेची कसोटी लावून तो दावा फेटाळला. त्या आधीच, १९७२ च्या वित्त कायद्याने, ही कमाई 'उत्पन्न' ठरवली गेली होती. पुढे १९८६ च्या वित्त कायद्याने तिला कलम ११५बीबीमध्ये वेगळे काढून सरसकट ४० टक्के दर लावला, तो २००१ च्या वित्त कायद्याने ३० टक्क्यांवर आला. म्हणजे या कराचा जन्म नीतीच्या उपदेशातून झालेला नाही, चोरवाट बुजवण्याच्या गरजेतून झाला आहे. पुढच्या सगळ्या वादात हे लक्षात ठेवावे लागते.

आज परदेशी पाहुण्याची स्थिती अशी आहे. अनिवासी माणसाला भारतात उगम पावलेल्या उत्पन्नावरच इथे कर लागतो, आणि इथल्या तिकिटावर, इथल्या टेबलावर मिळालेली रक्कम इथलीच. बक्षीस देणाऱ्याने ते देतानाच कर कापायचा (कलम १९४बी). एका व्यवहारात दहा हजारांहून अधिक जिंकले की कपात होते. २०२५ च्या अर्थसंकल्पाने ही मर्यादा व्यवहारागणिक केली. बक्षीस मोटारीच्या रूपात असेल तर आधी कराची रक्कम भरल्याची खात्री, मग किल्ली. निवासी माणसाच्या रकमेतून ३० टक्के कापले जातात, उपकर तो पुढे विवरणपत्रात भरतो. अनिवासीच्या बाबतीत उपकर आणि लागू असल्यास अधिभारही कपातीच्या वेळीच धरला जातो, म्हणजे किमान ३१.२ टक्के. एखादी वजावट, एखादी सूट, करमुक्त मर्यादेचा लाभ, यातले काहीही या रकमेला लागू नाही. दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारांचा आधार शोधावा तर तिथेही भिंत आहे. भारताने केलेल्या अनेक करारांत 'इतर उत्पन्न' या कलमात लॉटरी, शर्यती, पत्ते आणि जुगार यांची नावे घेऊन उगमाच्या देशाला कर लावण्याची मुभा ठेवली आहे. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ चा आयकर कायदा घेतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात, पण या बाबतीतली चौकट तीच राहते. म्हणून इथे वकिलांच्या आणि सनदी लेखापालांच्या तोंडी बसलेले जुनेच क्रमांक वापरले आहेत.

मोजमापाची खोट एका साध्या उदाहरणाने दिसते. गोव्याच्या मांडवीतल्या जहाजावर एखाद्या पर्यटकाने एका रात्रीत लाखभर रुपये लावले, त्यात एकदा ८० हजारांचे बक्षीस लागले आणि बाकी सगळे गेले. माणूस २० हजारांनी हरून बाहेर पडला. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो ८० हजार जिंकला आहे, कारण जुगाराच्या कमाईसमोर कोणताही खर्च वजा करू नये असे कलम ५८(४) सांगते. त्याच्याकडून २४,९६० रुपये घेतले जातील आणि त्याचा खरा तोटा ४४,९६० रुपयांवर जाईल. वर वस्तू व सेवा कर आहेच. १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत चिप्स घेण्यासाठी मोजलेल्या रकमेवर २८ टक्क्यांनी तो लागू झाला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनो, लॉटरी, शर्यती या सगळ्यांसाठी दर ४० टक्क्यांवर गेला. तो जिंकणाऱ्याकडूनही जातो, हरणाऱ्याकडूनही. म्हणजे पैसा लावला हीच गोष्ट करपात्र धरून सरकार आधी आपला वाटा घेते, आणि नंतर आयकराच्या वेळी मात्र लावलेला तोच पैसा अस्तित्वातच नव्हता असे वागते. दोन्ही करांमागची सरकारे किंवा खाती वेगळी आहेत, हे उत्तर कायद्याच्या वर्गात चालेल. ज्याच्या खिशातून पैसे गेले त्याच्यासमोर ते लंगडे पडते.

कापसाच्या मुलखात हे आणखी ठळकपणे दिसायला हवे. मुंबईत मटक्याचा उगम झाला तो न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने येणाऱ्या उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावांवर लागणाऱ्या पैजांतून. १९६१ मध्ये ते भाव येणे थांबले, मग कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी १९६२ आणि १९६४ मध्ये स्वतःचे आकडे काढायला सुरुवात केली. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द आजही त्या कापसाच्या भावांची आठवण ठेवून आहेत. आता खानदेशातला एक व्यापारी मान्यताप्राप्त बाजारात कापसाच्या वायद्यात पैसे घालतो आणि दुसरा माणूस आकडा लावतो. दोघेही पुढे काय होईल यावर पैसा लावतात. पहिल्याचा तोटा व्यवसायाचा तोटा म्हणून नफ्यातून वजा होतो आणि उरला तर पुढच्या वर्षांत ओढता येतो. दुसऱ्याला तोटा म्हणून काही नसतेच. वायद्याला शेतमालाच्या व्यापारात काम आहे आणि मटक्याला नाही, म्हणून हा भेद मला पटतो. पण मग सर्वोच्च न्यायालयाचा १९८० चा पियारा सिंग निकाल आठवतो. सीमेपलीकडे चोरून चलन नेताना पकडलेल्या माणसाची जप्त झालेली रोकड ही त्याच्या धंद्यातली हानी म्हणून वजा करू द्यावी, असे न्यायालयाने मान्य केले होते. बेकायदा धंद्याच्या हानीला आयकरात जागा मिळाली होती, आणि सरकारी परवाना असलेल्या कॅसिनोत किंवा सरकारनेच काढलेल्या लॉटरीत गेलेल्या पैशाला नाही. तस्कराला जे मिळाले ते तिकीट घेणाऱ्याला मिळू नये, याचे समर्थन करणारा युक्तिवाद मला तरी कुठे सापडलेला नाही.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा असतो आणि तो वजनदार आहे. हरल्याचा पुरावा काय? शर्यतीच्या मैदानावर फाटकी तिकिटे ढिगाने पडलेली असतात; वजावट दिली तर ती गोळा करणाऱ्यांचाच धंदा सुरू होईल. कॅसिनोत रोकड देऊन चिप्स घेणाऱ्याने किती लावले आणि किती गमावले हे कोण सांगणार? आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तर केंद्र सरकारनेच २०२३ मध्ये देऊन ठेवले. ऑनलाइन खेळांसाठी त्या वर्षी कलम ११५बीबीजे आणि १९४बीए आली. दर तोच ३० टक्के, पण 'निव्वळ' कमाईवर. नियम १३३ ने सूत्रही ठरवून दिले: खेळाडूने खात्यातून काढलेल्या रकमेतून त्याने भरलेली रक्कम आणि वर्षारंभीची शिल्लक वजा करायची, जे उरेल त्यावर कर. फाटक्या तिकिटाचा प्रश्नच उरत नाही, कारण हिशेब खात्याचा असतो. कॅसिनोतही ओळखपत्र किंवा पारपत्र दाखवून काढलेल्या कार्डावर प्रत्येक चिप नोंदवणे तंत्राच्या दृष्टीने अवघड नाही. जगातले मोठे कॅसिनो आपल्या गिऱ्हाइकाला सवलती देण्यासाठी हेच करतात. ज्याला कार्डावर खेळायचे नाही त्याला जुना ढोबळ हिशेब लावावा. मात्र दैवाचा खेळ असा की, निव्वळ मोजमापाची ही चांगली पद्धत ज्या ऑनलाइन पैशाच्या खेळांसाठी आली, त्यांच्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंदी घातली. पद्धत उरली, खेळ गेला. जे खेळ उरले त्यांना पद्धत लावायला कोणी तयार नाही.

दुसरा आक्षेप नीतीचा. जुगार हे व्यसन आहे, घरे बुडवते, मग जिंकणाऱ्याचे लाड कशाला? जुगाराने उद्ध्वस्त झालेली कुटुंबे मोजायला खानदेशातल्या कोणाला फार दूर जावे लागणार नाही, त्यामुळे हा आक्षेप हसण्यावारी नेता येत नाही. पण जुगार कमी करायचा असेल तर कर कोणावर हवा? जिंकल्यानंतर लागणारा कर खेळायला बसणाऱ्याला थांबवत नाही. तिकीट घेताना प्रत्येक जण बक्षिसाचा आकडा पाहतो, कपातीचा पाहत नाही. थांबवायचे तर खेळ चालवणाऱ्याचा नफा आवळावा लागतो. ब्रिटनने २००१ मध्ये तेच केले. पैज लावणाऱ्याकडून वसूल होणारा कर काढून टाकला आणि बुकमेकरच्या ढोबळ नफ्यावर १५ टक्के कर बसवला. तिथे जिंकलेल्या रकमेवर आयकर लागत नाही, पाहुण्याला नाही आणि घरच्यालाही नाही. मकावमध्येही खेळाडूला कर नाही, पण कॅसिनोच्या ढोबळ उत्पन्नातला सुमारे ४० टक्के भाग सरकार घेते. शिवाय महाराष्ट्र शासन स्वतः १९६९ पासून लॉटरी चालवते. तिकीट आपणच विकायचे आणि जिंकणाऱ्याला शिक्षा म्हणून कर लावतो असे म्हणायचे, हे एका तोंडाने शोभत नाही. कॅसिनोच्या बाबतीत तर राज्याने १९७६ मध्ये कर बसवणारा कायदाच करून ठेवला, तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करण्याचा निर्णय घेतला. तो निर्णय मला योग्य वाटतो. नको असलेल्या गोष्टीला नाही म्हणण्याची ती सरळ रीत आहे. जिंकणाऱ्याचा हिशेब वाकडा ठेवून नीती साधत नाही.

आता उलट दिशेने पाहू. जळगावचा विद्यार्थी एफ-१ व्हिसावर अमेरिकेत आहे आणि सुट्टीत मित्रांबरोबर लास व्हेगासला गेला आहे. अमेरिकेच्या करकायद्यात असा विद्यार्थी साधारण पहिली पाच कॅलेंडर वर्षे अनिवासी धरला जातो. यंत्रावर त्याला मोठे बक्षीस लागले तर कॅसिनो ३० टक्के कापून १०४२-एस हा फॉर्म त्याच्या हाती देईल, आणि हरलेले पैसे त्याला वजा करता येणार नाहीत. त्याच्याच शेजारी बसलेला, एच-१बी वर काही वर्षे राहून करासाठी निवासी झालेला धुळ्याचा अभियंता मात्र आपला तोटा जिंकलेल्या रकमेच्या मर्यादेत दाखवू शकतो, जरी २०२६ पासून तोट्याचा ९० टक्केच भाग धरण्याची कात्री त्याच्यावर आली आहे. म्हणजे पाहुण्याला ढोबळ आणि घरच्याला निव्वळ, असा उघड दुजाभाव अमेरिका करते. ब्रिटन, जर्मनी, जपान अशा अनेक देशांच्या रहिवाशांना करारामुळे या कपातीतून सूट आहे. भारत त्या यादीत नाही. पण त्याच कायद्यात एक शहाणपणाची गोष्टही आहे. ब्लॅकजॅक, बॅकरा, क्रॅप्स, रूलेट आणि बिग-६ चक्र या खेळांतल्या कमाईवर परदेशी पाहुण्याला कर नाही. या टेबलांवर चिप्स क्षणोक्षणी येतात-जातात, 'जिंकलेली रक्कम' म्हणून एक आकडा पकडणे जवळजवळ अशक्य असते, हे ओळखून त्यांनी हात आखडता घेतला. आपला कायदा रूलेटचे टेबल आणि लॉटरीचे तिकीट यांत काही फरक करत नाही. २०२३ मध्ये कलम १९४बीमध्ये 'कोणत्याही स्वरूपाचा जुगार किंवा पैज' हे शब्द घालून त्याने जाळे आणखी रुंद केले, पण टेबलावरची कमाई मोजायची कशी हे सांगितले नाही.

या विद्यार्थ्याला भारतात मात्र त्या बक्षिसावर कर नाही, कारण तो इथे अनिवासी आहे. आखातात नोकरी करणाऱ्यालाही अबू धाबीच्या सोडतीच्या रकमेवर इथे कर नाही. याउलट, भुसावळचा कोणी निवृत्त गृहस्थ मुलीकडे दोन महिने लंडनला गेला आणि तिथे लॉटरी लागली, तर ब्रिटन काही घेणार नाही, पण भारत ३१.२ टक्के मागेल, कारण निवासी माणसाच्या जगभरच्या उत्पन्नावर आपला हक्क आहे. अमेरिकेत कापलेले ३० टक्के इथल्या करातून वजा मिळतात, त्यामुळे तिथे दुहेरी भुर्दंड पडत नाही. ही व्यवस्था एकूण सुसंगत आहे. पाहुण्याकडून फक्त आपल्या अंगणातल्या कमाईचा वाटा घ्यायचा आणि घरच्याकडून सगळीकडच्या कमाईचा, हे तत्त्व पक्के आहे. म्हणूनच अंगणातला हिशेब चोख असायला हवा.

तो चोख नाही, कारण आपण कर कापतो पण प्रकरण मिटवत नाही. रक्कम करमुक्त मर्यादेच्या वर गेली की पाहुण्याने भारतात विवरणपत्र भरणे अपेक्षित आहे, आणि त्यासाठी पॅन हवे. दहा दिवसांसाठी अजिंठा-वेरूळ पाहायला आलेला माणूस हे करेल अशी अपेक्षा कागदावरच राहते. आता कलम ११५बीबीए पाहा. परदेशी खेळाडू भारतात सामना खेळून मानधन घेतो, त्याच्या ढोबळ रकमेवर २० टक्के दराने कर कापला जातो आणि त्याचे दुसरे उत्पन्न इथे नसेल तर त्याला विवरणपत्र भरावे लागत नाही. कापलेला कर हाच शेवटचा. हीच सोय लॉटरी जिंकणाऱ्याला का नसावी? त्या कलमाच्या मसुदाकारांना हा प्रश्न सुचला होता हे नक्की, कारण ज्या खेळांची कमाई कलम ११५बीबीखाली येते ते खेळ वगळून, असे त्यांनी कंसात लिहून ठेवले आहे. क्रिकेटपटूकडून कमी दराने घेऊन त्याला मोकळे सोडायचे आणि बक्षीस जिंकणाऱ्याकडून दीडपट दराने घेऊनही कागद भरायला लावायचे, याला कारण एकच दिसते: एका खेळाला मान आहे आणि दुसऱ्याला नाही. मान नसणे हे दर जास्त ठेवण्याचे कारण होऊ शकते. न भरले जाणारे विवरणपत्र मागण्याचे ते कारण नव्हे.

आणि मग परकीय चलनाचा नियम येतो. २००० च्या चालू खात्यावरील व्यवहारांच्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत ज्या कारणांसाठी पैसे परदेशी पाठवायला सक्त मनाई आहे, त्यात पहिलेच कारण लॉटरीत जिंकलेली रक्कम हे आहे. दुसरे, शर्यती किंवा इतर छंदांतून मिळालेले उत्पन्न. तिसऱ्यात लॉटरीची तिकिटे, फुटबॉल पूल्स आणि तत्सम गोष्टींच्या खरेदीसाठी पैसे पाठवणे येते. कॅसिनोचे नाव या यादीत नाही, म्हणजे जहाजावरच्या रूलेटचा पैसा आणि राज्य सरकारच्या तिकिटाचा पैसा यांत चलनाचा कायदा सरकारी तिकिटालाच अधिक कठोर वागवतो. तिकिटे विकत घेण्यासाठी पैसा बाहेर जाऊ नये, हे समजू शकते. परदेशी सोडतींच्या नादाने देशातली बचत बाहेर वाहू नये म्हणून ती तटबंदी आहे. पण ज्या पाहुण्याने पैसे बाहेरून आणले, इथले तिकीट घेतले, जिंकले आणि एकतृतीयांशाच्या आसपास कर दिला, त्याला उरलेले दोन तृतीयांश घरी नेऊ न देण्याने नेमके काय राखले जाते? बक्षीस त्याचे आहे असे आयकर खाते म्हणते म्हणून कर घेते. ते त्याने इथेच ठेवावे असे चलनाचे नियम म्हणतात.

इथे मनी लाँडरिंगचा आक्षेप येतो, आणि १९७२ पूर्वीचा इतिहास पाहता तो सर्वांत गंभीर आहे. जिंकलेले तिकीट विकत घेऊन परदेशी नातेवाइकाच्या नावावर बक्षीस दाखवायचे आणि काळा पैसा पांढरा करून बाहेर काढायचा, हा मार्ग उघडेल का? उघडू शकतो, म्हणूनच तो अटींसह उघडायला हवा. बक्षीस बँकेतून, प्रवासाच्या काळात त्या माणसाच्याच पारपत्राशी जुळणाऱ्या खात्यात. तिकीट किंवा चिप्स त्यानेच घेतल्याची नोंद. ठरावीक रकमेवर बक्षीस देणाऱ्याने करून ठेवलेली ओळखपडताळणी. सुमती दयाल निकालाने दिलेली शक्याशक्यतेची कसोटी अधिकाऱ्याच्या हातात आहेच. शिवाय ३१ टक्के देऊन पैसा पांढरा करणारा मूर्ख नसेल तर त्याला आज याहून स्वस्त मार्ग उपलब्ध आहेत. सरसकट मनाईने मोठा मासा अडत नाही, पर्यटक अडतो.

शेवटचा आक्षेप ऐकायला सर्वांत गोड आणि सर्वांत पोकळ आहे: परदेशी माणसाला सवलत आणि गावच्या माणसाला कडक कायदा, असे का? इथे सवलत कोणालाच मागितलेली नाही. निव्वळ कमाईवर कर हा नियम दोघांनाही एकच असावा, दरही एकच. पाहुण्याला वेगळी हवी ती फक्त शेवटची पावती, कारण तो निघून जाणार आहे. गावचा माणूस आपले विवरणपत्र भरतच असतो. पाहुण्याला वेगळे वागवायचेच तर जगात उलटी रीत दिसते. दक्षिण कोरियात कांगवॉन लँड हा एक कॅसिनो सोडला तर बाकी सगळे परदेशी लोकांसाठीच आहेत. सिंगापूर आपल्या नागरिकांकडून कॅसिनोच्या दारात दिवसाला १५० डॉलर घेते आणि पाहुण्याला फुकट सोडते. गोव्याने फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांनाच कॅसिनोत यायला बंदी केली. या सगळ्यांचा हिशेब एकच आहे: हरणारा बाहेरचा असावा. हा हिशेब मला तरी फारसा सभ्य वाटत नाही. त्यापेक्षा सर्वांकडून खऱ्या कमाईवर सारखा कर घेणारा कायदा बरा.

अर्थमंत्रालयाने कलम ११५बीबीएचा कंस उघडून अनिवासीच्या बक्षिसावरची कपात अंतिम धरावी, नियम १३३ चे सूत्र नोंद असलेल्या सर्व खेळांना लावावे आणि रिझर्व्ह बँकेशी बोलून कर भरलेल्या बक्षिसाला अनुसूचीतून वाट द्यावी. यासाठी नवा कायदा नको, तीन दुरुस्त्या पुरतील. तोवर परदेशातून येणाऱ्या आप्ताने सुट्टीत राज्य लॉटरीचे तिकीट घेतलेच आणि ते लागलेच, तर त्याने पॅन काढावे, कर कापल्याचा दाखला मागून घ्यावा आणि परत जाण्यापूर्वी सनदी लेखापालाला भेटून विवरणपत्राची सोय करावी. तो अमेरिकेचा नागरिक असेल तर तिथल्या करातून वजावट मागताना तोच दाखला लागतो.